दारातली तूट

पूर्व युरोपावर आमच्या समोरच्या काकांनी जेवढी माया केली, तेवढी खुद्द पूर्व युरोपात राहणाऱ्यांनीही केली नसेल. हंगेरीत भाव चढले की इकडे डोंबिवलीत काकांचा घास अडायचा. पोलंडच्या अंदाजपत्रकाला भोक पडलं की काका दाढी करायचं सोडायचे. कर्ज फेडण्यापायी रुमानियात लोकांना दिवे मालवून बसावं लागतं, असं त्यांच्या कानावर आलं, तेव्हा त्यांनी सहानुभूती म्हणून आठवडाभर आमच्या जिन्यातला दिवा लावू दिला नाही. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी अंधारात घसरल्या आणि बसल्या जागी त्यांनी रुमानियाचा असा काही उद्धार केला, की तो तिकडे ऐकू गेला असता तर त्या देशाने कर्जाचा नादच सोडला असता. एवढी माया करणारा हा माणूस आयुष्यात पुण्याच्या पलीकडे गेलेला नव्हता, आणि पुण्यालाही गेला होता तो मेहुणीच्या लग्नाला.

मी लग्न होऊन कोपरीहून डोंबिवलीला आले ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. मानपाड्याच्या बाजूला, वासावरून वाऱ्याची दिशा ओळखता यावी इतक्या अंतरावर कारखाने, आणि त्यांच्या अलीकडे आमची इमारत. दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं, एक आमचं आणि एक काकाकाकूंचं. नवी सून म्हणून नमस्काराला गेले, तर आशीर्वाद द्यायच्या आधी काकांनी विचारलं, "सूनबाई, तुमच्या कोपरीत बाहेरून येतं जास्त, की बाहेर जातं जास्त?" खाडीकाठची मुलगी मी, मला वाटलं पाण्याबद्दल विचारतायत. म्हटलं, "भरतीला येतं, ओहोटीला जातं." काका खुर्चीतून उठलेच. "संतुलन!" ते माझ्या सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, सून समजूतदार आणलीत हो." माझ्याबद्दलचं त्यांचं ते मत पुढे मी कितीही प्रयत्न केला तरी बदललं नाही.

या सगळ्या वेडाचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. कापडाला लावायचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात काका डिस्पॅचला होते. रंगाची पत्र्याची पिंपं ट्रकवर चढवून बंदराकडे रवाना करायची आणि प्रत्येक पिंपावर स्टेन्सिल ठेवून पांढऱ्या अक्षरांत देशाचं नाव घालायचं, हे त्यांचं काम. माल जायचा तो बहुतेक पूर्व युरोपात. त्या काळी तिकडच्या सरकारांशी व्यवहार रुपयात व्हायचा, त्यामुळे डॉलरवाल्यांपेक्षा ही गिऱ्हाइकं काकांना अगदी नात्यातली वाटायची. कारखान्यातले बाकीचे लोक पिंप गेटाबाहेर गेलं की विसरायचे. काकांचं तसं नव्हतं. "लेक दिली त्या घरची विचारपूस नको का करायला?" असं ते म्हणायचे. आणि लेक दिलेल्या घरी कर्ज किती, आवक किती, सासू खर्चीक आहे का, हे जसं बाप आडून आडून काढून घेतो, तशी काका त्या देशांची तूट काढत बसायचे.

तूट दोन प्रकारची असते, हे मला काकांनी शिकवलं. कमावतो त्यापेक्षा खर्च जास्त ती घरातली तूट. बाहेर पाठवतो त्यापेक्षा बाहेरून येतं जास्त ती दारातली तूट. घरातली तूट वाढली की हळूहळू दारातलीही वाढते, आणि दोन्ही वाढल्या की देशाची वाढ खुंटते, असा त्यांचा सिद्धान्त होता. तो सिद्धान्त मांडताना ते एक पाय आमच्या उंबऱ्यात आणि एक पाय स्वतःच्या उंबऱ्यात ठेवायचे. दोन दारांमध्ये जेमतेम तेवढंच अंतर होतं. त्या अवस्थेत त्यांना कुणी ओलांडून जाऊ शकत नसे, म्हणून गच्चीवर वाळवण घालायला निघालेल्या बायका सूपं हातात धरून सिद्धान्त संपेपर्यंत जिन्यात थांबायच्या.

त्यांचं ज्ञान यायचं रद्दीच्या दुकानातून. परदेशी अर्थविषयक मासिकं नवीन घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून मुंबईत कुणीतरी वाचून टाकलेली काका वजनावर घ्यायचे. परिणामी त्यांच्या बातम्या चांगल्या मुरलेल्या असत. एखाद्या अर्थमंत्र्याच्या काळजीने त्यांना झोप येत नसे, तेव्हा तो मंत्री जाऊन त्याच्या जागी दुसरा येऊन तोही गेलेला असायचा. एकदा फडके रोडवर आम्ही सगळे भेळ खायला गेलो होतो. काकांनी पुडा उघडला आणि त्यांचा हात थांबला. कागदावर हंगेरीची तूट आणि वाढ यांच्यावरचा लेख होता, तोही अर्धवट. काकांनी भेळ घाईघाईने संपवली, कागद पुसला आणि दुसरी भेळ मागितली. तिच्या पुड्यात लेखाची पुढची बाजू निघाली. मग तिसरी. चौथ्या वेळी भेळवाला म्हणाला, "अंकल, पेट का तो खयाल करो." काका म्हणाले, "भय्या, निष्कर्ष बाकी आहे." निष्कर्ष एका कॉलेजातल्या मुलाच्या हातात निघाला. तो आपल्या मैत्रिणीबरोबर बोलत बोलत चालला होता आणि काका त्याच्या खांद्यावरून डोकावत गणपती मंदिरापर्यंत गेले. मुलाने शेवटी वळून विचारलं, "काका, तुम्हाला भूक लागलीय का?" आणि सगळी भेळ त्यांच्या हातात दिली. पण चटणी नेमकी शेवटच्या परिच्छेदावर सांडलेली होती. तुटीने वाढ होते की खुंटते, हे काकांना त्या दिवशी कळलं नाही, आणि पुढे दोन दिवस पोट बिघडल्यामुळे विचारही करता आला नाही.

इमारतीतल्या घरांना त्यांनी देशांची नावं दिली होती. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी जरा मोकळ्या स्वभावाच्या, म्हणून हंगेरी. तळमजल्यावर बाप आणि मुलगा यांच्यात कायमचा संप, म्हणून पोलंड. आमच्या घरात माझा नवरा आणि दीर असे दोन भाऊ एकत्र राहात, म्हणून आम्ही चेकोस्लोवाकिया. आम्ही हे हसण्यावारी न्यायचो. पण पुढे तो देश खरोखर दोन झाला, तेव्हा काका पेढे घेऊन दारात उभे. "भांडण नाही, तंटा नाही, कसे शहाण्यासारखे वेगळे झाले बघा," असं म्हणून ते माझ्या दिराकडे इतक्या अर्थपूर्ण नजरेने बघत राहिले, की वर्षभरात दीर वर्तकनगरला ब्लॉक घेऊन गेला. जाताना काकांनी त्याला टेम्पोपर्यंत पोचवलं आणि कानात सांगितलं, "येणंजाणं मात्र चालू ठेव. सीमेवर जकात बसवू नकोस." दीर अजून सांगतो की वेगळं व्हायचं त्याच्या मनातही नव्हतं.

फेब्रुवारीअखेरीला देशाचं अंदाजपत्रक आलं की पाठोपाठच्या रविवारी काका घरचं अंदाजपत्रक मांडायचे. लग्नातला कोट घालून, काखेत दळणाची पिशवी धरून ते स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायचे. काकू विरोधी पक्षात. आम्ही शेजारी प्रेक्षक, आणि चिवडा काकूंचाच. काकूंची मागणी दरवर्षी एकच असायची. त्यांना पोळी-भाजी केंद्र काढायचं होतं. सकाळी घराला कुलूप घालून नोकरीला पळणाऱ्या बायका डोंबिवलीत वाढत चालल्या होत्या आणि काकूंच्या हाताला असा गुण, की त्यांच्या पोळीची दुसऱ्या दिवशी दुपारीसुद्धा घडी घालता यायची. हवं होतं काय, तर एक मोठा लोखंडी तवा, एक जास्तीची शेगडी आणि एक परात. काका पिशवीतून हात बाहेर काढून म्हणायचे, "मागणी रास्त आहे. पण तूट भरून निघेपर्यंत विस्तार नाही. आधी शिल्लक, मग वाढ."

"अहो, पीठ भिजवल्याशिवाय पोळी होते का?" काकू विचारायच्या. "आधी पीठ घालावं लागतं, पाणी घालावं लागतं."

"ऋण काढून सण करायचा नसतो."

"सण कुठे करतेय मी? तवा मागतेय."

हे दरवर्षी चालायचं. आम्ही हसायचो, चिवडा संपवायचो आणि उठायचो. काकू हसत नसत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. एका वर्षी मी चिवड्याची ताटली आत ठेवायला गेले, तर त्या ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. म्हणाल्या, "मूलबाळ झालं नाही, त्याचं मी कधी बोलले नाही. पण एक काहीतरी माझं म्हणून चालवून बघायचं होतं गं." मला तेव्हा काकांचा मनापासून राग आला, आणि त्यांचा तो कोट बघून हसूही आलं नाही.

मग ती भिंत पडली. काका पहाटे जिन्यातून ओरडत वर आले, "भिंत पडली!" निम्मी इमारत कंपाउंडकडे धावली. सासूबाई वाळत घातलेल्या गोधडीची चौकशी करत होत्या. जर्मनीतली भिंत पडली, हे कळल्यावर लोक चहा प्यायला परत गेले. काका मात्र पायरीवर बसून राहिले. "आता त्या घरांमध्ये सगळं बदलणार," ते म्हणाले. "सरकार भाव ठरवणार नाही, सरकार गिऱ्हाईक असणार नाही. सगळं नव्याने. सूनबाई, संक्रमणकाळ म्हणतात तो हा." त्यानंतर एकेका देशाचं उत्पादन घसरत गेलं, दोन्ही तुटी वाढत गेल्या, आणि काका वाळत गेले. रुपयातला व्यवहार बंद पडायला आला. कारखान्याच्या आवारात नाव घातलेली पिंपं पडून राहू लागली. आपल्या देशातही तेव्हा ओढगस्तच होती. काकांनी ठरवलं, जगाचं आपल्या हातात नाही, पण निदान स्वतःचं घर तरी सावरायचं.

आमच्याकडची रीत अशी की शेजारून वाटी भरून आली की ती रिकामी परत करायची नाही. निदान चार दाणे साखरेचे तरी घालायचे. सगळ्या इमारतीत अशा वाट्या दिवसभर वरखाली फिरत. काकांनी महिनाभर दाराच्या फटीतून या वाट्यांवर पाळत ठेवली आणि आपल्या घराची दारातली तूट काढली. उसळ, वडी, खीर यांची तुलना कशी करणार, म्हणून त्यांनी चकली हे एकक ठरवलं. वाटीभर डाळिंब्यांची उसळ म्हणजे अमुक चकल्या, लोणच्याची फोड म्हणजे चकलीचा तुकडा. त्यात माझ्या सासूबाईंची चकली किंचित मऊ पडायची, म्हणून आमच्या चकलीचा विनिमय दर त्यांनी खाली धरला. हे सासूबाईंना कळल्यावर त्यांनी पुन्हा भाजणी दळून आणली. हिशेबाअंती निघालं ते असं की काकांच्या घरात वाट्यांतून येत होतं जास्त आणि जात होतं कमी. काकांनी आज्ञा काढली की तूट भरून निघेपर्यंत आलेली वाटी रिकामी परत जाईल.

"रिकामी वाटी?" काकू म्हणाल्या. "मी नाही नेणार. जीव गेला तरी नेणार नाही."

म्हणून काका स्वतः निघाले. वाटी घासून, पुसून, आरशासारखी लखलखीत केलेली. मी दाराशीच केस विंचरत उभी होते, त्यामुळे पुढचा सगळा प्रकार मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. सासूबाईंनी वाटीत बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "भावजी, बरं आहे ना सगळं? कुणाची तार आली का?"

"सगळं ठीक आहे, वहिनी. तात्पुरता उपाय आहे. आयात कमी करतोय."

सासूबाईंना आयात कळली नाही, पण दारातून रिकामी वाटी घेणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी आतून साखरेची चिमूट आणून वाटीत टाकली आणि वाटी काकांच्या हातात परत दिली. काका सवयीने "बरं" म्हणून घरी गेले. दार लागलं. मग पुन्हा उघडलं. काका आले, वाटी पुन्हा रिकामी. "वहिनी, तुमच्या लक्षात आलं नाही, ही आणखी आयात झाली." सासूबाईंनी पुन्हा चिमूट टाकली. काका पुन्हा गेले, पुन्हा आले. एक माणूस तूट कमी करायला येत होता आणि दर खेपेला चिमूटभर तूट वाढवून घेऊन जात होता. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "भावजी, साखर संपली तर मी गूळ घालीन, पण माझ्या घरात रिकामी वाटी येणार नाही." काका वाटी घेऊन जिन्याच्या पायरीवर बसले, दोन दारांच्या बरोबर मध्ये. हळूहळू ती साखर त्यांनी खाऊन टाकली. मग वाटी उंबऱ्यापाशी ठेवून ते निमूटपणे आत गेले.

सासूबाईंना ते लागलं. दुपारपर्यंत हंगेरीला कळलं, संध्याकाळी पोलंडला. काकांच्या दारी वाटी जाणं बंद झालं. आठवड्याने काका जिन्यात भेटले, चेहरा फुललेला. "सूनबाई, तूट शून्य!" मी म्हटलं, "अभिनंदन." पण हळूहळू त्या घरात काहीतरी विझत गेलं. द्यायचं कुणाला, म्हणून काकू काही करेनाशा झाल्या. रोज वरणभात. दुपारचं दार, जे वर्षानुवर्षं नुसतं लोटलेलं असायचं, त्याला आतून कडी लागू लागली. त्या दिवाळीला काकूंनी कढई काढलीच नाही, आणि काकांना आमच्या खिडकीतून येणारा भाजणीचा वास मोजता येईना. भाऊबीजेच्या दिवशी ते मला गच्चीवर दिसले. म्हणाले, "दोन्ही तुटी नाहीत. तरी वाढ नाही. उलट घसरण आहे. असं का व्हावं?" मला नुसती काकूंची आठवण येत होती, आणि त्या तर समोरच्याच दारामागे होत्या.

ती कोंडी फोडली ती सासूबाईंच्या गुडघ्यांनी. त्यांना उभं राहवेना आणि मला सकाळी लवकर ठाण्याला ऑफिस गाठायचं असायचं. एका पहाटे मी न विचारता, न बोलावता काकूंची कडी वाजवली आणि रिकामा डबा पुढे केला. म्हटलं, "काकू, पोळ्या लागतील. रोज लागतील." काकू माझ्याकडे बघत राहिल्या, मग डबा ओढून घेऊन म्हणाल्या, "किती?" एवढंच. ऑफिसात माझा डबा बघून शेजारच्या टेबलावरचीने विचारलं, मग तिच्या नणंदेने. महिन्याभरात काकूंच्या दाराशी सकाळी डब्यांची रांग लागू लागली. काकांना आनंद आवरेना. "निर्यात! निर्यातीतून वाढ!" असं म्हणत ते प्रत्येक डब्याला जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत निरोप द्यायला जात. पण काकूंचा तवा लहान. एका वेळी एक पोळी. पहाटे उठून सुरुवात केली तरी डबे पुरे होईनात, आणि काही बायका वाट बघून निघून जाऊ लागल्या.

तव्याचा प्रश्न या वेळी काकूंनी अंदाजपत्रकाच्या रविवारची वाट न बघता काढला. एक डबा अर्धाच भरून परत द्यावा लागला, त्या सकाळी त्यांनी लाटणं खाली ठेवलं. "उसळ बाहेरून आली की खाऊन संपते," त्या म्हणाल्या. "तवा बाहेरून आला की रोज पोळ्या बाहेर जातील. तुमच्या त्या मासिकात दोन्हींना तूटच म्हणतात का हो?" दिवसभर काका एका उंबऱ्यातून दुसऱ्या उंबऱ्यात पाय टाकत होते. संध्याकाळी आमच्याकडे आले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "रविवारी मोकळा आहेस का रे? कल्याणला जायचंय. भांडवली आयात करायची आहे."

नवरा म्हणाला, "काका, तवा आणायचा ना? मग सरळ सांगा ना यार."

तवा आला. एवढा मोठा की रिक्षात मावेना, म्हणून दोघांनी तो कल्याणहून बसमध्ये उभा धरून आणला. कंडक्टरने त्याचं तिकीट मागितलं, तेव्हा काकांनी त्याला भांडवली वस्तूंना सवलत का असावी, हे मानपाड्यापर्यंत समजावून सांगितलं आणि कंडक्टरने सुटका म्हणून त्यांचंही तिकीट फाडलं नाही. घरी आल्यावर काकांनी कारखान्यातली स्टेन्सिलची अक्षरं काढली आणि तव्याच्या मुठीजवळ पांढऱ्या रंगात "डोंबिवली पूर्व" असं घातलं. पहिल्याच आचेला रंग जळून घरभर धूर झाला. काकू खोकत खोकत हसल्या. त्यांच्या हसण्याचा आवाज ऐकून सासूबाई गुडघ्यावर हात टेकत दारापर्यंत गेल्या.

केंद्र बघता बघता वाढलं. पण त्याच सुमारास कारखान्याचं उलटं चाललं होतं. तिकडचे देश आता आपापल्या तब्येतीने कुठून कुठून रंग घेऊ लागले आणि इकडची पिंपं गंजू लागली. एकेक खातं बंद करत आणलं. डिस्पॅचला तर रवाना करायला काही उरलंच नव्हतं. एका शनिवारी भर दुपारी मी काकूंकडे डबा घ्यायला गेले होते, तेव्हा काका घरी आले. चपला न काढता स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. पिशवी नव्हती, कोट नव्हता. काकूंना म्हणाले, "तुमच्याकडे एखादी जागा आहे का?"

त्यांनी काकूंना कधी अहोजाहो केलेलं मी ऐकलं नव्हतं. काकू वळल्या नाहीत. त्यांना सगळं कळलं होतं. तव्यावरची पोळी त्यांनी उलटली, फुगू दिली, खाली काढली. मग म्हणाल्या, "कणीक मळता येते?"

"शिकेन."

"उमेदवारी करावी लागेल. पहाटे उठायचं. आणि व्याख्यान द्यायचं नाही."

"मळताना थोडं चालेल का?"

"मळताना चालेल," काकू म्हणाल्या, आणि परात त्यांच्याकडे सरकवली. मी डबा तसाच ठेवून घरी निघून आले. मला तिथे उभं राहवलं नाही.

काका कणीक मळायला शिकले. पहिले काही दिवस पोळ्या कडक निघत आणि सगळं ठाणे-डोंबिवली आपापल्या टेबलावर पोळी तोडताना काकांचं नाव घेत असे. पण हात बसला. मळता मळता ते पोलंडची आता वाढ होतेय, हंगेरीची तूट कशाने फुगलीय, हे पिठाला सांगत, आणि काकू मध्येच "हूं" म्हणत.

कारखाना पूर्ण बंद झाला त्या दिवशी उरलेल्या कामगारांनी शेवटचं एकत्र जेवायचं ठरवलं आणि पोळ्या-भाजीची ऑर्डर आली काकूंकडे. काकूंनी काकांना विचारलं, "मी जाऊ का?" काका म्हणाले, "डिस्पॅच माझ्याकडे आहे." मला सुट्टी होती, म्हणून भाजीचा डबा धरून मी त्यांच्याबरोबर रिक्षातून गेले. गेटावरचा वॉचमन इथल्याच गावचा, अंगाने थोराड. त्याने आयुष्यभर काकांचा माल बाहेर जाताना पाहिला होता. तो उठून उभा राहिला. "काय वो काका," तो म्हणाला, "आज माल आतमधी?"

"पोळ्या आहेत," काका म्हणाले. "गरम आहेत. लवकर सोड."

आवारात एका कडेला पिंपं होती, गंजलेली, पण पांढरी अक्षरं अजून वाचता येत होती. काका चालता चालता तिथे थांबले. एकावर पूर्व जर्मनी होतं, दोनतीनवर चेकोस्लोवाकिया, एकावर युगोस्लाव्हिया. काका प्रत्येक नाव हळू आवाजात वाचत गेले. मग मला म्हणाले, "सूनबाई, गिऱ्हाईक पैसे बुडवतं, ते मी समजू शकतो. पण इथे तर गिऱ्हाईकच उरलं नाही. आता ही कुणाकडे पाठवायची?" त्यांच्या हातातली पोळ्यांची टोपली थोडी कलली होती, ती मी सरळ केली.

जेवणं झाली. मंडळींनी काकूंच्या पोळ्यांचं कौतुक केलं आणि काका प्रत्येकाला आग्रहाने वाढत फिरले. परत येताना रिक्षात आमच्या गल्लीचं वळण आलं तसे काका म्हणाले, "मी तिथे पिंपांपाशी थांबलो होतो, ते तिला सांगू नकोस."

"मग काय सांगू?"

त्यांनी रिकामी टोपली मांडीवर घट्ट धरली. "सांग, पोळ्या पुरल्या नाहीत. आणखी मागत होते."

मी काकूंना तसंच सांगितलं. काकूंनी काकांच्या तोंडाकडे एकदा नीट बघितलं आणि परातीत पीठ घेतलं. काका हातपाय धुवून समोर येऊन बसले आणि मळायला लागले. त्या वेळी कुणाचीही ऑर्डर नव्हती, दुपार टळून गेली होती, आणि त्या दोघांना मात्र त्याचं काही वाटत नव्हतं. मी दारात उभी राहून बघत होते. मला त्यांचा फार हेवा वाटला.